प्रसूतीच्या वेळी नवरा खोलीत नको असेल तर?

पाऊलखूण
३३ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. बहुतेक जणींची तक्रार असते की नवरा आत यायला तयार नाही. माझं नेमकं उलटं आहे. त्याला यायचंय आणि मला तो तिथं नकोय.

आमचं भांडण नाही. एकही तपासणी त्यानं चुकवलेली नाही. सोनोग्राफीत पहिल्यांदा ठोके ऐकले तेव्हा माझ्याआधी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण आत असणार हे त्यानं धरूनच चाललं होतं. परवा मी म्हटलं, "मला आत ताई हवी. तू बाहेर थांबशील का?" तेव्हा काहीच बोलला नाही. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाला, "माझं बाळ जन्माला येणार आणि मी दाराबाहेर?"

कारण सांगते. मला काही दुखायला लागलं की तो माझ्यापेक्षा जास्त घाबरतो. मागच्या वर्षी मूतखड्यानं रात्रभर तळमळत होते, तेव्हाही "काही नाही रे, होईल बरं" असं त्यालाच सांगत बसले होते. कळा सोसताना मला दुसऱ्या कुणाचा चेहरा सांभाळायचा नाही. ताईची दोन बाळंतपणं झालीत, तिच्यासमोर मी वाट्टेल तशी ओरडू शकते.

पण त्याचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. बाप म्हणून त्याचा काही हक्क आहे की नाही? तुमच्याकडे काय झालं ते मनमोकळं लिहा.

मधली_सुट्टी
शरीर तुझं, दुखणं तुझं, निर्णय तुझा. ताईला ने.

कोरा_कागद
मधली_सुट्टी, निर्णय तिचाच, याला अनुमोदन. पण धागाकर्तीनं विचारलंय ते निर्णयाच्या पुढचं आहे. त्याला काय वाटतं याला काही किंमत आहे की नाही, असं ती विचारतेय.

मी दोन्ही वेळा आत होतो. पहिल्या वेळी सतरा तास. त्यातले बारा-तेरा तास काहीही 'घडत' नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कळ येते, जाते, पुन्हा येते. मी कमरेखाली तळहाताच्या टाचेनं दाबून धरायचो. ती "खाली, अजून खाली, जोरात" म्हणायची. दुसऱ्या दिवशी माझं मनगट सुजलं होतं. पुढं डोकं दिसायला लागलं तेव्हा मी तिच्या उशाशी होतो, मला दिसत होता फक्त तिचा चेहरा. मुलगी झाली. नाळ कापायला कात्री माझ्या हातात दिली. नाळ इतकी चिवट असते असं वाटलं नव्हतं, दोनदा दाबावं लागलं. तो स्पर्श अजून हातात आहे.

तुमच्या नवऱ्याला हे हवंय. हवं असणं चुकीचं नाही. त्यासाठी तुम्ही घुसमटावं असंही नाही.

रातकिडा
वेगळं मत मांडतो. पुरुषांनी तिथं नसावं असंच मला वाटतं. मिशेल ओदाँ या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांनी हेच मांडलं. प्रसूती पुढं सरकायला ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) लागतं, आणि बाईला असुरक्षित वाटलं, कुणी टक लावून पाहतंय असं वाटलं की अ‍ॅड्रेनॅलिन वाढून त्याला खीळ बसते. जवळचा माणूस घाबरलेला असेल तर ती भीती तिच्यापर्यंत पोचते. पाऊलखूण यांनी स्वतःबद्दल लिहिलंय ते अगदी हेच आहे.

शिवाय बायकोला त्या अवस्थेत पाहिलं की पुढं दोघांमधली ओढ कमी होते, असंही ऐकलंय.

निळी_छत्री
रातकिडा, शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटलं. हे 'ऐकलंय' बायकांच्या कानावर इतकं घातलं जातं की आपलं मूल जन्माला घालताना आपण कशा दिसतोय याची काळजी करत त्या पडून राहतात. मी स्वतः केलीय ती काळजी. जोर लावताना शी होईल का, ही भीती मला कळांपेक्षा मोठी वाटत होती. झाली. सिस्टरनी क्षणात कापड बदललं, नवऱ्याला कळलंसुद्धा नाही. वर्षभरानं मीच सांगितलं.

ओढीचं म्हणाल तर ती कमी झाली होती. दोघंही चार महिने सलग दोन तास झोपलो नव्हतो, म्हणून.

सिस्टरताई
२६ वर्षं लेबर रूममध्ये काढलीत, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहिते.

आधी ओदाँ यांच्या मुद्द्याबद्दल. भीतीनं कळा मंदावतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घरी दर पाच मिनिटांनी कळा येत असतात, हॉस्पिटलचं दार ओलांडलं की वीस मिनिटं एकही येत नाही. पण त्यावरून 'पुरुष नको' असं निघत नाही. 'भीती वाढवणारं माणूस नको' एवढंच निघतं, मग ते माणूस नवरा असो, आई असो की खेकसणारी सिस्टर. खेकसणाऱ्या सिस्टर मी पाहिल्यात आणि त्यांच्याशी भांडलेही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली प्रसूतीच्या काळजीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक बाईजवळ सुरुवातीपासून बाळ होईपर्यंत सोबतीला माणूस असावं असं त्यात आहे, आणि ते माणूस 'तिच्या पसंतीचं' असावं असं आहे. नवराच असला पाहिजे असं नाही. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेनं १७ देशांतले २६ अभ्यास एकत्र करून पाहिले, पंधरा हजारांहून जास्त बायका होत्या. जिच्याजवळ कुणीतरी सतत होतं तिची प्रसूती नैसर्गिकपणे होण्याची शक्यता वाढली, सिझेरियन कमी झाली, कळांचा काळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी झाला. कळा सोसणाऱ्या बाईला चाळीस मिनिटं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सोबतीला कुठं नातेवाईक होते, कुठं प्रशिक्षित बाई, कुठं हॉस्पिटलचीच माणसं. आणि 'सतत' हा शब्द लक्षात ठेवा. दर तासानं डोकावून जाणाऱ्याचा उपयोग होत नाही.

आता नवरे. दर दोन मिनिटांनी "अजून किती वेळ?" विचारणारा पाहिलाय. बायको हात मागतेय आणि याच्या हातात मोबाइल, शूटिंग चाललंय, असाही पाहिलाय. त्याला मी बाहेर काढलं. आणि एक मुलगा होता, विशीतला, कळ आली की बायकोच्या कपाळाला कपाळ लावून तिच्याबरोबर श्वास सोडायचा. नऊ तास. एक शब्द बोलला नाही. बाळ झाल्यावर बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि तिथंच झोपला.

यातल्या कुणालाच आधी कुणी काही शिकवलेलं नव्हतं. शिकवता येतं. पाऊलखूण, तुझा नवरा घाबरतो म्हणतेस, तर त्याला नेमकी कशाची भीती वाटते हे विचारलंस का?

पाऊलखूण
नाही विचारलं. आज विचारते.

टिवटिव
सिस्टरताई, तुमचा प्रतिसाद साठवून ठेवला.

शूटिंगवरून आठवलं. माझा नवरा प्रत्येक कळेची वेळ वहीत लिहीत होता, तारीख, सुरुवात, शेवट, अंतर. पाणमोट फुटली तेव्हा मी किंचाळले आणि त्यानं आधी घड्याळात पाहिलं! पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या वहीतून सगळं नेमकं सांगता आलं. ती वही मी बाळाच्या पहिल्या टोपीबरोबर ठेवलीय.

दगडफूल
थोडं जड लिहिणार आहे. गरोदर मैत्रिणींनी नाही वाचलं तरी चालेल.

मी आत होतो. मुलगा व्यवस्थित झाला, त्यानंतर बायकोला रक्तस्राव सुरू झाला, थांबेना. एका मिनिटात खोलीत आठ-दहा माणसं. मला कुणीतरी खांद्याला धरून भिंतीशी उभं केलं आणि त्यानंतर पाऊण तास माझ्याशी एक अक्षर कुणी बोललं नाही. ती वाचली. आज ठणठणीत आहे.

मी नव्हतो. सहा-सात महिने रोज रात्री ती फरशी दिसायची. कुणाला सांगणार? जिच्यावर गुदरलं ती समोर हसत बाळाला पाजतेय, आणि त्रास मला होतोय? लाज वाटायची. शेवटी समुपदेशकाकडे गेलो. तिथं कळलं की बाळ झाल्यानंतर बापांनाही नैराश्य येतं. २०१० मध्ये ४३ अभ्यास मिळून केलेल्या एका पाहणीत गरोदरपण आणि नंतरचं वर्ष धरून सुमारे १० टक्के बापांमध्ये ते आढळलं होतं. आई झालेल्या बाईला निदान कुणीतरी विचारतं. बापाला कुणी विचारत नाही.

बाहेर असतो तर बरं झालं असतं का? मी खूप विचार केलाय यावर. बाहेर असतो तर धावपळ दिसली असती आणि आत काय चाललंय ते कळलं नसतं. तेही भोगलंच असतं. एवढंच म्हणतो, आत जायचं असेल तर गडबड झाल्यास आपण कुठं उभं राहायचं आणि आपल्याशी कोण बोलणार, हे आधी विचारून ठेवा.

सिस्टरताई
दगडफूल, तुमच्याशी बोलायला एक माणूस नेमायला हवं होतं. "रक्त जातंय, औषधं दिलीत, आम्ही थांबवतोय" एवढी तीन वाक्यं कुणीही बोलू शकलं असतं. आमच्या पेशाची ही चूक आहे. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

कोरा_कागद
दगडफूल, वाचून थांबलो. माझ्या वरच्या प्रतिसादात सगळं गोडच होतं. ही बाजू मला दिसली नव्हती.

जुना_खांब
मुलगा झाला त्याला आता पन्नास वर्षं होतील. आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही तिघं नवरे बाहेर, आत तिघी जणी. पहाटे रडण्याचा आवाज आला आणि तिघंही उठून उभे राहिलो. कुणाचं बाळ ते कळायला मार्ग नाही. वीस मिनिटांनी दार उघडलं. माझंच होतं. म्हणजे माझ्या मुलाचा पहिला आवाज मी ऐकला, पण तो त्याचा आहे हे ठाऊक नसताना. त्या वेळी सगळ्यांचंच असं म्हणून काही वाटलं नाही. नातवाच्या वेळी मुलगा आत गेला आणि मी पुन्हा बाहेर बसलो, तेव्हा वाटलं.

निळी_छत्री
जुना_खांब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

पानगळ
थोडं अवांतर. पूर्वी पुरुष कधीच नसायचे असंही नाही. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाला पहिली मुलगी झाली तेव्हा प्रिन्स अल्बर्ट खोलीत होते. पुढं बाळंतपण घरातून हॉस्पिटलात गेलं आणि नवरा बाहेर राहिला. १९४८ मध्ये चार्ल्सचा जन्म होत असताना प्रिन्स फिलिप स्क्वॉश खेळत होते, आणि १९८२ मध्ये विल्यमच्या वेळी तेच चार्ल्स आत होते. एकाच घराण्यातसुद्धा केवढा फरक.

मधल्या काळात पाश्चात्त्य देशांत बाईला मॉर्फिन आणि स्कोपोलामिन देऊन अर्धवट शुद्धीत ठेवायची पद्धत होती. तिला स्वतःलाच बाळंतपण आठवायचं नाही, मग नवऱ्याला आत कोण घेणार? विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये फर्नांद लामाझ आणि अमेरिकेत रॉबर्ट ब्रॅडली यांनी जाग्या बाईला श्वास आणि शिथिलीकरण शिकवायला सुरुवात केली, तेव्हा तिला साथ देणारं माणूसही आत आलं. बाई जागी झाली म्हणून नवरा आत आला, असं मी याकडे पाहते.

रातकिडा
पानगळ, हे माहीत नव्हतं. निळी_छत्री, ते ओढीबद्दलचं वाक्य मागं घेतो. ऐकीव होतं, लिहायला नको होतं. भीतीच्या मुद्द्यावर मात्र ठाम आहे.

घड्याळवाला
सिझेरियन झालं तर आत घेतात का? आमचं बाळ आडवं आहे, बहुतेक सिझरच करावं लागेल. आणि मला रक्त पाहून चक्कर येते.

भूलवाली_डॉक्टर
मी भूलतज्ज्ञ आहे. कमरेतून सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर केला असेल तर आई पूर्ण जागी असते. सोबतीला परवानगी असेल तर माणूस तिच्या डोक्याशी स्टुलावर बसतो, मध्ये हिरवा पडदा असतो, पोटाकडचं काही दिसत नाही. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं तिला जाणवतं, दुखत नाही. तिचं अंग थरथरतं तेव्हा बरेच नवरे घाबरतात. ते नेहमीचं आहे. तातडीनं पूर्ण भूल द्यावी लागली तर मात्र सोबतीला बाहेर थांबावं लागतं. त्यात अपमान नाही, त्या वेळी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

चक्कर का येते तर रक्त दिसल्यावर किंवा फार वेळ ताठ उभं राहिल्यावर व्हेगस नर्व्ह जास्त काम करते, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूकडे रक्त कमी जातं. उपाशी जाऊ नका, पाणी प्या, बसून राहा. डोळ्यांसमोर अंधारी येतेय असं वाटलं तर पायावर पाय टाकून मांड्या आणि पोट घट्ट आवळा. तरी बरं वाटलं नाही तर सांगा आणि जमिनीवर बसा, लाजू नका. कोसळून डोकं आपटलं तर आम्हाला दोन पेशंट होतात.

आणि घड्याळवाला, सिझरमध्ये तुमचं मोठं काम पुढं आहे. टाके घालेपर्यंत आईला बाळ छातीशी धरता येत नसेल तर तुम्ही शर्ट काढून उघड्या छातीवर घ्या. स्वीडनमधल्या २००७ च्या एका अभ्यासात सिझेरियननंतर बापाच्या छातीवर ठेवलेली बाळं पाळण्यात ठेवलेल्या बाळांपेक्षा कमी रडली आणि लवकर शांत झाली.

घड्याळवाला
पुढची बटणं असलेला शर्ट घालून जातो. मनापासून आभार.

मधली_सुट्टी
माझा पहिला प्रतिसाद दोन वाक्यांचा होता, त्यामागचं आज सांगते. माझ्या वेळी नवरा आत हवा होता मला. तो म्हणाला, "मला नाही बघवणार." मी एकटी होते. बाळ झाल्यावर तो बाळाचे फोटो काढत होता आणि मी छताकडे बघत होते. म्हणून आत यायला धडपडणारा नवरा आहे असं वाचलं की पाऊलखूण, मला तुझा थोडा हेवाही वाटतो. तरीही उत्तर तेच. तुला कोण हवंय ते तूच ठरव.

पाऊलखूण
विचारलं.

त्यानं बराच वेळ काही सांगितलं नाही. मग म्हणाला, त्याच्या लहानपणी त्याची आई दुसऱ्या बाळंतपणासाठी गेली आणि बाळाशिवाय परत आली. त्या दिवशी घरातलं कुणी त्याला काही सांगेना, तो दाराबाहेर पायरीवर बसून होता. सहा वर्षांचा असेल. बाळ नाही राहिलं हे त्याला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. लग्नाला पाच वर्षं झाली, हे मला ठाऊक नव्हतं.

त्याला बघायचं नाहीये काही. त्याला दाराबाहेर बसायचं नाहीये.

मला आता काय करावं कळत नाही. त्याची भीती समजली, पण माझी गरज काही बदललेली नाही. मला अजूनही ताईच हवी आहे आणि हे लिहिताना मला अपराधी वाटतंय.

सिस्टरताई
अपराधी वाटून घेऊ नकोस. तुला दोघांपैकी एकालाच निवडायचंय असं कुणी सांगितलं? बाळंतपण म्हणजे शेवटची वीस मिनिटं नाहीत. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर जोरात सुरू होणारा टप्पा पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत चालू शकतो, त्याआधीचा सौम्य कळांचा काळ वेगळाच. त्या काळात नवरा असू दे. चालायला, पाणी द्यायला, कंबर चोळायला. तुला वाटेल तेव्हा तू ताईचं नाव घ्यायचं, तो उठेल, ताई येईल. बाळ झालं की पुन्हा तो. नाळ निदान मिनिटभर तरी थांबूनच कापतात, तेवढ्यात तो आत येऊ शकतो.

त्याला शिकवायचं ते एवढंच, की तू 'ताई' म्हणालीस तर 'का' विचारायचं नाही. आणि तो बाहेर असताना ताईनं किंवा सिस्टरनं दर थोड्या वेळानं दाराशी येऊन त्याला काय चाललंय ते सांगायचं. हे आजच लिहून काढा.

दगडफूल
शेवटचं वाक्य ठळक करून घ्या. दर थोड्या वेळानं सांगायचं, काही नवीन नसलं तरी.

कोरा_कागद
कमरेखाली दाबायचं ते आत्तापासून रोज दहा मिनिटं करून बघा. किती जोर लागतो ते त्याला कळेल, आणि रोज हात लागला की तुम्हालाही तो हात ओळखीचा होईल.

पाऊलखूण
आज ३५ वा संपला. हॉस्पिटलात विचारून आले. एका वेळी एकच माणूस, पण अदलाबदल चालेल म्हणाल्या. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, जुना_खांब यांचा प्रतिसादही. 'ताई' म्हटल्यावर उठायचं हे त्यानं कबूल केलं. काल रात्री कंबर दाबून देत होता, मी मुद्दाम मध्येच "ताई" म्हटलं. उठला, दाराबाहेर गेला, दोन मिनिटं तिथंच थांबला. मला हाक मारावी लागली.

सिस्टरताई
छान. आता पुढच्या तपासणीला जाल तेव्हा लेबर रूमच्या दाराशी बसायला बाक आहे का, तेही पाहून या. नसेल तर खुर्ची मागून ठेवा. आणि ती दाराकडे तोंड करून ठेवायला सांगा.